बहुसांस्कृतिकता म्हणजे काय?
बहुसांस्कृतिकता (अनेक संस्कृतींना राज्यकारभारात समान प्रतिष्ठा देणारे धोरण) म्हणजे प्रत्येक समाजाला आपापल्या कोंडाळ्यात सोडून देणे, असा समज बराच रूढ आहे. वस्तुतः तिची रचना जुन्या वाड्यासारखी असते; बिऱ्हाडागणिक चूल निराळी, पण विहीर, चौक आणि दिंडीदरवाजा सामाईक. १९७१ साली पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी कॅनडाच्या संसदेत हे धोरण जाहीर केले, तेव्हा सांस्कृतिक समूहांना साहाय्य देण्याबरोबरच, त्यांच्या सार्वजनिक सहभागाच्या आड येणारे अडथळे दूर करणे, परस्पर देवाणघेवाण वाढविणे आणि नवागतांना इंग्रजी वा फ्रेंच यांपैकी निदान एक राजभाषा शिकण्यास मदत करणे, हीही उद्दिष्टे त्यात होती. या शेवटच्या उद्दिष्टाचा विसर पडतो, हे मला फार खेदजनक वाटते. कारण राजभाषेवाचून अर्ज, खटला आणि नोकरी या तिन्ही बाबतींत नवागत परस्वाधीनच राहतो.