निर्मात्याच्या पश्चात काल्पनिक पात्राचे स्वामित्व : ‘विनी-द-पू’च्या विशेष संदर्भात

लेखकाच्या निधनानंतर त्याने निर्माण केलेले पात्र कायद्याच्या दृष्टीने वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता ठरते. ही मालमत्ता किती गुंतागुंतीची असू शकते, हे इंग्रज लेखक ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी-द-पू’ या अस्वलाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

हे पुस्तक १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका व कॅनडातील व्यापारी हक्क मिल्न यांनी १९३० मध्येच स्टीफन स्लेसिंजर यांना दिले होते. अस्वलाचा सुपरिचित लाल सदरा स्लेसिंजर यांच्या काळातला; मूळ पुस्तकात तो नाही. १९५६ मध्ये मिल्न निवर्तले. कुटुंबीयांसह वेस्टमिन्स्टर स्कूल, गॅरिक क्लब आणि अडचणीतील लेखकांना साहाय्य करणारा रॉयल लिटररी फंड हे उत्पन्नाचे वाटेकरी झाले. १९६१ मध्ये डिस्ने कंपनीने परवाने मिळविले आणि २००१ मध्ये वाटेकऱ्यांचे पुढील उत्पन्न ३५ कोटी डॉलर देऊन विकत घेतले. व्यापारीकरणाने पात्राची विटंबना होते, ही नेहमीची तक्रार येथे अपुरी वाटते. कारण याच पैशातून गरजू लेखकांना आधार मिळाला.

वारसांची बाजू मात्र दुबळीच राहिली. १९७८ पूर्वी दिलेले हक्क वारसांना विशिष्ट मुदतीनंतर परत घेता येतात, अशी तरतूद अमेरिकन कायद्यात आहे. तिचा आधार घेऊन मिल्न यांची नात क्लेअर हिने २००२ मध्ये स्लेसिंजर यांच्या कंपनीला नोटीस दिली. परंतु तिचे वडील ख्रिस्तोफर रॉबिन यांनी १९८३ मध्ये अधिक मोबदल्यासाठी जुना करार रद्द करून नवा केला होता. नवा करार १९७८ नंतरचा असल्याने ही तरतूद त्याला लागू होत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने २००५ मध्ये दिला. वाढीव मोबदल्याची ही खरी किंमत म्हणावी लागेल.

१ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत १९२६ चे पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त झाले. पुढच्याच वर्षी या अस्वलाला खुनी म्हणून रंगविणारा ‘ब्लड अँड हनी’ हा भयपट कोणाच्याही परवानगीविना प्रदर्शित झाला. लाल सदरा मात्र निर्मात्यांना टाळावा लागला. ब्रिटनमध्ये मिल्न यांच्या मजकुराची मुदत २०२६ अखेरपर्यंत आहे, चित्रकार ई. एच. शेपर्ड १९७६ मध्ये वारल्याने त्यांच्या चित्रांची मुदत २०४६ अखेरपर्यंत चालेल.