सुहैली आणि म्हादेई : दोन शिडाच्या नौका

मुळशी तालुक्याला समुद्र नाही. मग शिडाच्या नौकांचा विषय येथे कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु पाणी आपल्यापाशी भरपूर आहे. पौडहून ताम्हिणीकडे निघाले की मुळशी धरणाचा जलाशय दिसू लागतो. जोराचा वारा सुटला तरी तेथील लाट बेताचीच राहते. कारण लाट वाढविण्यास वाऱ्याला मोकळे पाणी लागते, आणि येथे ते काही मैलांतच डोंगराला जाऊन भिडते. उलट दक्षिण महासागरात वारा पृथ्वीप्रदक्षिणा करतो तरी त्याला अडविणारी भूमी जवळजवळ नाही. तेथे घराएवढ्या लाटा उठतात. नौकेची परीक्षा होते ती तेथे.

आपल्या जिल्ह्यात शीड पाहावयाचे तर खडकवासल्यास जावे. तेथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या लहान होड्या चालविण्यास शिकतात. अशी होडी कलली की छात्र दुसऱ्या काठावर जाऊन बसतो आणि स्वतःच्या वजनाने तिला सावरतो. एक-दोन तासांच्या शर्यतीला हे पुरते. पण ज्याला त्या नौकेत जेवावयाचे, निजावयाचे, महिनेच्या महिने राहावयाचे, तो रात्रभर काठावर कसा बसणार? म्हणून समुद्रावरील नौकेच्या पोटाखाली जड धातूचा भार बसवितात. हा भार आणि त्याला धरणारा तळाचा कणा, ज्याला कोकणातील होड्या बांधणारे सुतार पठाण म्हणतात, यांची घडण कशी आहे त्यावर नौकेचा स्वभाव ठरतो.

आपल्याच किनाऱ्यावर बांधलेल्या दोन नौका घेऊ. पहिली ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्द्याने ती १९६३–६४च्या सुमारास मुंबईत सागवानात बांधून घेतली. आपले सुतार वाकस आणि सामता घेऊन तिच्यावर राबले. लांबी साडेबत्तीस फुटांच्या आत, डोलकाठ्या दोन, मागचे टोकही पुढच्यासारखे निमुळते, आणि पठाण लांबच लांब. दुसरी ‘म्हादेई’. ही गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली आणि २००९ साली नौदलात दाखल झाली. लांबी ५६ फूट, डोलकाठी एकच, पण ती सुमारे २५ मीटर उंच. देवदार जातीच्या लाकडावर काचतंतूंचे थर चढविलेले तिचे अंग आहे. पठाण आखूड आणि खोल.

शर्यतीच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न सोपा आहे. पाणी कापीत जाणारी नौका स्वतःच लाट उठविते आणि त्या लाटेच्या खळग्यात अडकते. नौका जितकी लांब तितकी ती लाट लांब, आणि लांब लाट अधिक वेगाने धावते. जाणकारांचा ठोकताळा असा : पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ने गुणावे, वेग ताशी सागरी मैलांत मिळतो. २५ फुटांना ६.७, तर ४९ फुटांना सुमारे ९.४. अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३मध्ये म्हादेईवरून एकट्याने, कोठेही न थांबता, सुमारे २३ हजार सागरी मैलांची प्रदक्षिणा १५१ दिवसांत केली. पुढे २०२२–२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तेच ३६ फुटी, लांब पठाणाच्या नौकेवरून दुसरे आले. त्या वेळी २३६ दिवस लागले. मार्ग वेगळा होता हे खरे, तरी माणूस तोच होता.

मग सुहैली हरली म्हणावयाचे काय? १९६८च्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परत पोचली ती एकटी सुहैली. तिच्याहून वेगवान नौका त्या शर्यतीत होत्या. त्यांतील एक तर घर जवळ आले असता फुटून बुडाली. सुहैलीचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र वाटेत मोडले, तेव्हा लांब पठाणाचा गुण कामास आला. शिडे तोलून बांधली की ती आपली दिशा धरून राही आणि मालकाला डोळा लावता येई. आखूड पठाणाची नौका चटकन वळते. पण जी चटकन वळते ती चटकन भरकटतेही. तिला सुकाणूवर माणूस किंवा यंत्र सतत हवे.

शिवाय दोन डोलकाठ्यांमुळे सुहैलीचे कापड लहान लहान तुकड्यांत वाटले जाते. वादळात एकट्या माणसाने शीड उतरवावयाचे तर ही मोठी सोय आहे. आम्हांला भटकंतीसाठी तीच अधिक आवडते.

मात्र भक्कम नौका म्हणजे अभय नव्हे. सुहैलीचीच प्रतिकृती असलेली ‘थुरिया’ गोव्यात बांधली गेली. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने ती उलथली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले. ३२ फुटांच्या नौकेला तेवढी लाट अंगावर घ्यावी लागली तर पठाण काय करणार?

वास्तव्याच्या बाबतीत म्हादेईची बाजू उघडच वरचढ. तिच्याच नमुन्याची ‘तारिणी’ घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघाल्या आणि बंदरे घेत २१ मे २०१८ला परतल्या. सुहैलीत सहा माणसांचा संसार नुसता कल्पूनच पाहावा! एका उलथापालथीत तिच्या टाकीतले पाणी बिघडले, तेव्हा तिच्या एकुलत्या रहिवाशाला पावसाचे पाणी साठवून दिवस काढावे लागले.

पण राहावयाचे कोठे, हेही विचारावे. म्हादेईला तरंगण्यास अडीच मीटर पाणी लागते, सुहैलीला पावणेदोनाच्या आत. कोकणातील खाड्यांच्या तोंडाशी गाळाचे बांध असतात, आणि ओहोटीला तेथे पाणी किती उरते हे तेथील कोणत्याही तांडेलास विचारावे. मोठी नौका भरतीची वाट पाहत बाहेर नांगरून राहील. धाकटी तोवर आत जाऊन धक्क्याला लागलेली असेल.