काचपट्ट्यांवरचे भ्रूण संगणकाच्या पडद्यावर

गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत माणसाचे शरीर कसे घडते, याविषयी वैद्यकाच्या पुस्तकांत जे लिहिलेले असते त्याला आधार फार थोड्या नमुन्यांचा आहे. त्यांतले बरेचसे नमुने शंभर वर्षांपूर्वी जमवलेले आहेत. इतके कोवळे भ्रूण आता अभ्यासासाठी सहसा मिळत नाहीत, त्यामुळे पुस्तकातले एखादे विधान पडताळून पाहायचे तर जुन्या नमुन्यांकडेच वळावे लागते. अमेरिकेतील कार्नेगी संग्रह हा अशा संग्रहांपैकी सर्वांत नावाजलेला. त्याच्या काचपट्ट्यांवरून 2016 मध्ये मानवी भ्रूणाचा त्रिमितीय डिजिटल ॲटलास तयार झाला.

संग्रहाची सुरुवात फ्रँकलिन मॉल या शरीररचनाशास्त्रज्ञांनी केली. लाइपझिगला विल्हेल्म हिस यांच्या हाताखाली शिकून आलेल्या मॉल यांना पहिला भ्रूण 1887 मध्ये मिळाला. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना त्यांनी डॉक्टरांना पत्रे पाठवून गर्भपात, शस्त्रक्रिया किंवा शवविच्छेदनाच्या वेळी हाती आलेले भ्रूण मागवले. 1914 मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशातून भ्रूणशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि संग्रह वाढत वाढत सुमारे 10,000 नमुन्यांवर गेला. मॉल यांच्यानंतर विभागाची धुरा सांभाळणाऱ्या जॉर्ज स्ट्रीटर यांनी भ्रूणांची क्रमवारी वयावरून न लावता शरीराच्या घडणीवरून लावली. आज जगभर वापरले जाणारे 23 ‘कार्नेगी टप्पे’ त्यातूनच आले. हा संग्रह सध्या मेरीलँडमधील नॅशनल म्युझियम ऑफ हेल्थ अँड मेडिसिनकडे आहे.

संग्रहातले अनेक भ्रूण अखंड नाहीत. ते पॅराफिनमध्ये बसवून मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्यांचे अतिशय पातळ छेद घेतलेले आहेत. एकेक छेद साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जाड असतो. हे छेद रंगवून क्रमाने काचपट्ट्यांवर चिकटवले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशी दिसते, पण अवयवाचा आकार मात्र हरवतो. अळूवडीच्या उंड्याची एक चकती पाहून पाने आत कशी गुंडाळली असतील याचा अंदाज बांधावा लागतो, तशीच ही अडचण आहे.

यावर 19 व्या शतकातच एक उपाय निघाला होता. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव बोर्न यांनी मेणाच्या पत्र्यांची पद्धत बसवली. छेदाची प्रतिमा समजा 100 पट मोठी करून रेखाटली, तर मेणाचा पत्राही छेदाच्या 100 पट जाड हवा. 0.01 मिलिमीटरच्या छेदासाठी तो 1 मिलिमीटरचा होतो. रेखाटन पत्र्यावर उतरवायचे, कडेने कापायचे, असे सगळे पत्रे एकावर एक रचायचे आणि गरम पात्याने कडा एकजीव करायच्या. बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत या कामासाठी खास कारागीर आणि चित्रकार नेमलेले होते. एका प्रतिकृतीला महिनोन् महिने लागत, आणि ती तयार झाल्यावर एकाच खोलीत ठेवलेली असे. बाकीच्या जगाने तिची पुस्तकात छापलेली चित्रे पाहिली.

आजचे संगणकी काम मुळात याच वाटेने जाते. काचपट्टीची उच्च प्रतीची डिजिटल प्रतिमा घेतली जाते. सपाट प्रतिमेतला बिंदू म्हणजे पिक्सेल. त्याला छेदाची जाडी दिली की व्होक्सेल नावाचा घन कण होतो, आणि असे लाखो कण रचून पडद्यावर भ्रूण उभा राहतो. अवघड भाग रचण्याचा आहे. पात्याने कापताना छेद दबतो, कोमट पाण्यावर पसरताना ताणला जातो, कधी दुमडतो, कधी फाटतो. शिवाय भ्रूण वाकलेला असतो. शेजारचे छेद एकमेकांशी जुळवत गेले तर तो बाक नकळत सरळ होतो आणि दिसायला नीटनेटकी पण चुकीची आकृती तयार होते. कापण्यापूर्वी काढलेले अखंड भ्रूणाचे छायाचित्र हाताशी असेल, तर बाक त्यावरून सुधारता येतो. शंभर वर्षांपूर्वी छायाचित्र काढून ते जपून ठेवणाऱ्याचे मोल इथे कळते.

2016 चा ॲटलास ॲमस्टरडॅमच्या ॲकॅडेमिक मेडिकल सेंटरमधील बर्नाडेट दे बाकर आणि अंतून मूरमन यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केला. त्यासाठी कार्नेगी संग्रहातील सुमारे 15,000 छेद वापरले गेले आणि प्रत्येक भ्रूणात जास्तीत जास्त 150 अवयव व रचना ओळखून रंगवण्यात आल्या. प्रत्येक छेदावर प्रत्येक अवयवाची कड पडद्यावर हाताने आखायची, असे हे काम. सुमारे 75 विद्यार्थ्यांनी मिळून त्यासाठी सुमारे 45,000 तास दिले. या प्रकल्पाचा सर्वांत खोल शैक्षणिक लाभ बहुधा याच विद्यार्थ्यांना झाला असेल, कारण कड आखायची तर हे यकृत की जठर, याचा निर्णय दर छेदाला घ्यावा लागतो. तयार प्रतिकृती फिरवून पाहणाऱ्याला तो घ्यावा लागत नाही.

ॲटलासमुळे पुस्तकांचीही तपासणी झाली. भ्रूणशास्त्राच्या पुस्तकांतील अनेक आकृत्या माणसाचे नमुने अपुरे असल्याने कोंबडीच्या किंवा उंदराच्या भ्रूणांवरून आलेल्या होत्या आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेल्या होत्या. आता अवयवांची वाढ आणि जागा मानवी नमुन्यावरच मोजता येते.

वर्गात याचा उपयोग कुठे होतो, हे आतड्याच्या उदाहरणावरून समजते. सहाव्या आठवड्यात वाढत्या आतड्याला पोटात जागा पुरत नाही, म्हणून त्याचा वेढा नाळेत शिरतो. तिथे तो आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती 90 अंश वळतो, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परतताना आणखी 180 अंश. हे वळण अपुरे राहिले तर नवजात बाळाच्या आतड्याला पीळ पडू शकतो आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणून ते प्रत्येक डॉक्टरला समजायला हवे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीचे शिक्षक रंगीत खडूंनी फळ्यावर ते टप्प्याटप्प्याने काढतात. चांगल्या शिक्षकाची ही चित्रे विद्यार्थी वर्षानुवर्षे विसरत नाहीत. तरीही फळा सपाट असतो आणि वळण खोलीत घडते. त्रिमितीय प्रतिकृतीत यकृत बाजूला काढून वेढा समोरून, बाजूने, खालून पाहता येतो. मात्र ॲटलास पहिल्या दोन महिन्यांपुरता आहे, त्यामुळे आतड्याचा परतीचा प्रवास त्यात सापडत नाही. तो खडूनेच शिकवावा लागेल.

मर्यादा आणखीही आहेत. रंग कृत्रिम असतात. खऱ्या भ्रूणात अवयवांच्या सीमा इतक्या ठळक नसतात. एका टप्प्याला थोडेच नमुने असल्याने व्यक्तीव्यक्तीतला फरक दिसत नाही. ॲटलास ज्या त्रिमितीय पीडीएफ स्वरूपात आहे, ते फोनवर सहसा उघडत नाही. आणि आखलेल्या कडेविषयी शंका आलीच तर उत्तर मूळ काचपट्टीत शोधावे लागते, म्हणून स्कॅन झाले तरी पट्ट्या टाकून देता येत नाहीत. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संग्रहात वेगळी वाट निवडली गेली. तिथे सुमारे 1,200 भ्रूणांच्या एमआरआय प्रतिमा न कापताच घेण्यात आल्या. पेशींच्या पातळीचा तपशील त्यात मिळत नाही, पण भ्रूणाचा बाक तसाच राहतो.

नमुने आले कुठून, हा प्रश्न प्रतिकृतीबरोबरच येतो. मॉल यांना भ्रूण पाठवणारे डॉक्टर त्या स्त्रीची संमती घेत नसत. तशी रीतच त्या काळी नव्हती. पुढे 1938 पासून बोस्टनजवळच्या एका रुग्णालयात जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांच्या सहभागातून 34 अतिशय कोवळे भ्रूण मिळवले. पहिल्या सतरा दिवसांविषयी पुस्तकांत जे छापलेले असते त्यातले पुष्कळसे यांतून आले. भारतालाही हा विषय परका नाही. कोलकात्यात तयार झालेले मानवी सांगाडे कित्येक दशके पाश्चात्त्य वैद्यकीय महाविद्यालयांत जात होते, आणि 1985 मध्ये भारत सरकारने ती निर्यात बंद केली. संग्रहालयाला मूळ नमुना प्रदर्शनातून काढता येतो, दफनासाठी परतही करता येतो. जगभर उतरवून घेतलेली फाइल परत बोलावता येत नाही. कार्नेगी संग्रहातील प्रत्येक भ्रूणाला क्रमांक आहे. पडद्यावरच्या प्रतिकृतीखाली या क्रमांकासोबत नमुना कधी आणि कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे दोन ओळींत देणे कठीण नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्या ओळी वाचायला मिळाल्या पाहिजेत.