दीर्घ अनुपस्थितीनंतर शाळेत परतताना : पालकांसाठी चार शब्द



विषमज्वर, कावीळ किंवा हाड मोडणे अशा कारणाने मूल महिना-दोन महिने घरी राहते. प्रकृती सुधारते, डॉक्टर परवानगी देतात. परंतु शाळेची सकाळ उजाडली की त्याचे पोट दुखू लागते. रविवारी मात्र तेच मूल अंगणात आनंदाने खेळते. अशा वेळी ‘हे ढोंग आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. ते अन्यायाचे आहे. भीतीनेही पोट खरोखरच दुखते. आजार उलटलेला नाही, एवढी खात्री प्रथम डॉक्टरांकडून करून घ्यावी.

मुलाच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. सोबती आपल्याला विसरले असतील काय? बुडालेले गणित कळेल काय? ‘बरे, आज राहू दे’ असे आपण म्हणताच त्याला हायसे वाटते; पण त्या सुटकेनेच भीतीला बळ मिळते आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा उंबरठा अधिक उंच वाटतो. म्हणून बळजबरी नको, तशीच रोजची मुदतवाढही नको. दिवस निश्चित करावा व एकेक पायरी चढावी.

आठवडाभर आधीपासून निजण्या-उठण्याची वेळ शाळेप्रमाणे ठेवावी. एखाद्या वर्गमित्रास घरी बोलवावे. वर्गशिक्षकांना आधी भेटून, पहिले काही दिवस अर्धा वेळ बसण्याची सवलत मागावी आणि बुडालेल्या अभ्यासापैकी अत्यावश्यक तेवढाच भाग प्रथम ठरवून घ्यावा. ‘इतके दिवस कुठे होतास?’ या प्रश्नाला ‘आजारी होतो, आता बरा आहे’ एवढे उत्तर घरी म्हणवून घ्यावे. शाळेच्या दारात निरोप थोडक्यात घ्यावा. आपण रेंगाळलो तर आपलीच काळजी मुलाला लागते. संध्याकाळी ‘किती अभ्यास झाला?’ याऐवजी ‘आज कोणाजवळ बसलास?’ असे विचारावे.

काही पालकांना, इतक्या खाड्यांमुळे शाळा नाव काढील, अशी धास्ती असते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. ही गोष्ट मुलालाही सांगावी.

दोन-तीन आठवडे प्रयत्न करूनही रडणे, जागरण वा अन्नावरची वासना उडणे थांबले नाही, तर समुपदेशकाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य आहे.

पहिल्या दिवशी मूल अर्ध्या वेळेनंतर घरी परतले, तरी त्याने मोठा पल्ला गाठला आहे. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा आणि दुसऱ्या दिवसाचे दप्तर त्याच्यासोबत बसून भरावे, ही नम्र विनंती.