फळी का वाकते?

शहापूर-मुरबाडकडे पाऊस लागण्याआधी घरोघरी बेगमी होते. तांदूळ, डाळी, मसाला, लोणची... सगळा भार मांडणीच्या फळीवर! ती मधोमध का बरं वाकते? करूनच पाहा. दोन पुस्तकांत १२ सेंमी अंतर ठेवून त्यांवर प्लास्टिकची पट्टी टेकवा. मधे दहा नाण्यांची चळत रचा. आता अंतर २४ सेंमी करा. भार तोच, पण बाक आठपट! म्हणूनच लांब फळीला मधेही आधार हवा. कारवीच्या कुडात खिळे ठोकून फळी लावू नका; कूड भार पेलत नाही. पायांची मांडणी करा, ती घराच्या मेढीला घट्ट बांधा. जड बरण्या खालीच ठेवा. वरची निसटली तर खाली खेळणारं धाकटं भावंड सापडेल ना! मग, रविवारी आई-बाबांसोबत घरची फळी तपासणार?