उलट्या वाटेने प्रकाश

दिव्यातून निघालेले किरण वस्तूंवर आपटून डोळ्यांत येतात. संगणकाला तसं चित्र काढायला लावताना मात्र ही वाट उलटी चालावी लागते. दिव्यातून सुटलेले बहुतेक किरण डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत; त्यांचा हिशेब म्हणजे फुकटची हमाली. म्हणून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण दृश्यात सोडायचा. तो गोळ्याला कुठे लागतो, हे शाळेतलं वर्गसमीकरण सांगतं. तिथून दिव्याकडे दुसरा किरण. मध्ये काही आडवं आलं, की सावली.

१९६८ मध्ये आयबीएमचे आर्थर अ‍ॅपेल इथवर पोहोचले होते. बेल लॅब्जमधल्या टर्नर व्हिटेड यांनी किरणाला पुढे पळवलं: आरशावरून तो उसळतो, काचेत वाकतो आणि पुन्हा नव्याने शोधाला निघतो. (केशकर्तनालयातले समोरासमोरचे आरसे आठवा, कुठेतरी थांब म्हणावंच लागतं.) १९८० च्या त्यांच्या शोधनिबंधातलं काचेच्या गोळ्यांचं, ६४० बाय ४८० पिक्सेलचं चित्र व्हॅक्स संगणकावर ७४ मिनिटं शिजत होतं. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर एका सेकंदाच्या अ‍ॅनिमेशनला जवळजवळ ३० तास!