अडून बसलेला सांधा

स्टीलचे दोन पेले एकात एक घालून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते वेगळे होता होईनात, असा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. मग आई आतल्या पेल्यात थंड पाणी ओतते, बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते आणि पेले सुटतात. तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळते असे हे दोन पेले एकमेकांना इतके घट्ट का धरतात? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आज आपण मोटारीच्या पुढच्या चाकापर्यंत जाणार आहोत.

माझ्या वडिलांनी १९९८ साली मारुती ८०० गाडी घेतली. (या गाडीचे उत्पादन १९८३ ते २०१४ या काळात होत होते.) ती अजून आमच्या दारात आहे. काही वर्षांपूर्वी खड्ड्यातून जाताना पुढून खडखड असा आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. चाक जॅकवर उचलून घड्याळातील तीन आणि नऊ या आकड्यांच्या जागी हात धरून हलवले, तर ते डावीउजवीकडे सैल हलत होते. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक सांधा असतो, त्याला टायरॉड एंड म्हणतात. तो झिजला की असे होते. (चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर ढिले वाटले, तर दोष बहुधा बेअरिंगमध्ये किंवा खालच्या बॉल जॉइंटमध्ये असतो.) भाग बदलणे घरच्या घरी जमेल असे वाटून मी कामाला लागलो.

आता या सांध्याची रचना पाहा. आपल्या खांद्यात असते तशी यात खोबणीत फिरणारी गोळी असते. गोळीला जोडलेली खुंटी मात्र सरळ नसून निमुळती असते. ती चाकाच्या बाजूच्या भुजेतील तशाच निमुळत्या भोकात बसते आणि पलीकडून नट आवळतात. म्हणजे हे आपले दोन पेलेच झाले! फरक एवढाच, की येथे नटाने ते एकमेकांत ओढून बसवलेले असतात.

मी नट काढला. सांधा खाली येईल म्हणून वाट पाहिली. तो तसूभरही हलला नाही.

असे का? एका फळीवर लोखंडाचा तुकडा ठेवा आणि फळी हळूहळू तिरपी करा. ठरावीक कोन होईपर्यंत तुकडा घसरत नाही, कारण घर्षण त्याला धरून ठेवते. पोलादावर पोलाद असताना घर्षणांक ०.१५ धरला, तर हा कोन सुमारे साडेआठ अंश येतो. आता समजा, खुंटीचा व्यास लांबीच्या दर ८ मिलिमीटरमागे १ मिलिमीटरने वाढतो. तर प्रत्येक बाजूचा उतार साधारण साडेतीन अंशांचाच होतो. तो साडेआठापेक्षा पुष्कळ कमी आहे. म्हणून नट काढला तरी खुंटी आपणहून निसटत नाही. त्यात गंज चढलेला असतो. लोखंडाचा गंज होताना त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते, त्यामुळे फटीतला गंज जणू आणखी एक पाचर ठोकतो.

घाईने मी खुंटीच्या आटे असलेल्या टोकावरच हातोडी मारली. सांधा सुटला नाहीच, उलट टोक पसरट होऊन आटे चेपले आणि परत नट चढेना. तुम्ही ही चूक करू नका. ठोकायचेच असेल तर भुजेच्या भोकाभोवतीच्या कड्यावर बाजूने ठोकावे आणि समोरच्या बाजूला दुसरी जड हातोडी टेकून धरावी. एक किलोग्रॅम वजनाची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने येऊन सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबली, तर सरासरी बल ५००० न्यूटन, म्हणजे अर्ध्या टनाच्या वजनाएवढे होते. या धक्क्याने कडे क्षणभर किंचित लंबगोल होते, त्याची पकड सुटते आणि खुंटी टुणकन खाली येते. ती अंगावर उडू नये म्हणून नट आधी तीनचार आटे सैल लावून ठेवावा. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

गंजलेल्या नटालाही घाई चालत नाही. त्यावर गंज सोडवणारे पातळ तेल टाकून रात्रभर ठेवावे. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने ते आट्यांच्या फटीत शिरते. मग लांब पाना घ्यावा. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ४०० न्यूटन बल लावले तर आघूर्ण १२० न्यूटन-मीटर होते. पान्याला पाइप जोडून लांबी ९० सेंटिमीटर केली, तर तेच बल ३६० न्यूटन-मीटर देते. मात्र एवढ्या आघूर्णाने बोल्ट तुटूही शकतो, हे ध्यानात असू द्या.

उष्णतेचे काय? पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, ‘सर, कडे तापवले तर धातू आतही पसरेल आणि भोक लहान होईल.’ तसे होत नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याआधी ती तापवतात, कारण तापल्यावर तिचा आतला घेरही वाढतो. २० मिलिमीटरचे पोलादी भोक २०० अंश सेल्सिअसने तापवले तर सुमारे ०.०५ मिलिमीटरने मोठे होते. पण सांध्याजवळ रबर, ग्रीस आणि ब्रेकची नळी असते. म्हणून घरी येथे ज्योत लावू नये. हे काम गॅरेजचे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. त्या दिवशी आमच्या अंगणाच्या किंचित उतारावर गाडी उभी होती. हँडब्रेकची तार सैल झाली होती, म्हणून मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि निश्चिंत झालो. या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. त्या दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल असतो. एक चाक हवेत उचलले, की ते मोकळे उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाकही सुटते. म्हणजे गिअरने कोणालाच धरलेले नव्हते! मी पाना आणायला उठलो तेव्हाच गाडी पुढे सरकली, जॅक कलंडला आणि चाकाची जागा जमिनीवर आदळली. दोन मिनिटे आधी माझा हात तेथे होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने केलेली ही चूक मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हा नियम असा: जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना पुढून आणि मागून पाचरी हव्यात आणि जॅकने उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकलेली हवी. विटा तर मुळीच ठेवू नयेत, त्या अचानक फुटतात.

सस्पेन्शनच्या स्प्रिंगलाही घरी हात लावू नये. समजा, स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते आणि ती १५ सेंटिमीटर दाबलेली आहे. तिच्यातील स्थितिज ऊर्जा २२५ ज्यूल होते. एक किलोग्रॅमचा दगड सात मजल्यांवरून पडावा, तेवढी ही ऊर्जा आहे. वरचा नट सोडला की ती एका क्षणात बाहेर येते.

नवा सांधा बसवताना जुना किती आट्यांवर होता ते मोजून ठेवावे. आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर आणि भुजेची लांबी १२ सेंटिमीटर धरली, तर एका फेऱ्याच्या चुकीने चाक सुमारे ०.६ अंश वळते. म्हणजे एक किलोमीटर जाताना टायर जणू दहा मीटर आडवा घासला जातो. म्हणून नंतर अलाइनमेंट तपासून घ्यावीच.

नट आवळताना कधी कधी खुंटीच नटाबरोबर गरगर फिरते. तेव्हा सांधा भोकात जोराने दाबून धरावा. निमुळत्या पृष्ठभागांतील घर्षण वाढते, खुंटी थांबते आणि नट बसतो. या पृष्ठभागांना तेल वा ग्रीस लावू नये. शेवटी नवी स्प्लिट पिन घालावी. तिचे भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळावा, सैल करू नये.

ज्या घर्षणाने दिवसभर माझा घाम काढला, तेच आता हा सांधा धरून ठेवणार होते. घाटातल्या वळणावर चाक आपल्या हाताचे ऐकते ते त्याच्याच भरवशावर. आता घरात दोन पेले अडकले तर आधी कोमट आणि थंड पाण्याचा प्रयोग करा. पुढच्या वेळी पाण्याशिवाय बाहेरच्या पेल्याच्या कडेवर लाकडी पळीने हलके ठोकून पाहा. कोणता उपाय लवकर लागू पडतो आणि का, हे वहीत लिहून ठेवा.